गोरखशेपवरची चाळीस मिनिटं

मी नटबोल्टांचा माणूस. नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणात मला एकवीस वर्षं झाली आणि यंत्र उडायला लायक आहे की नाही, एवढंच बघायचं माझं काम. ते यंत्र उडवणारा कसा उडवतो, कुठं उतरवतो, किती वजन उचलतो, हे बघायला वेगळे निरीक्षक असतात. हेलिकॉप्टरांसाठी त्या वर्षी आमच्याकडे असं एकच माणूस होतं. कॅप्टन इंद्रकला राई.

इंद्रकला मूळची पूर्व नेपाळातल्या भोजपूरची. पंधरा वर्षं तिनं पूर्वेकडच्या डोंगरांत हेलिकॉप्टर उडवलं. तांदूळ, पत्रे, बाळंतिणी, मतपेट्या, जे असेल ते वाहून नेलं. मग मणका कुरकुरायला लागला, तेव्हा खासगी कंपनीचा पगार सोडून आमच्याकडे निरीक्षक म्हणून आली. बुटकी, हसतमुख, वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला ‘दाजू’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. पण माझ्या अहवालावर लाल शाईनं खुणा करताना दाजूबिजू काही बघायची नाही.

भदौ म्हणजे भाद्रपद संपत आला होता. असोज म्हणजे आश्विन लागला की गिर्यारोहकांची झुंबड उडते, म्हणून त्याआधी कंपन्यांची तपासणी उरकायची असते. त्या दिवशी आम्ही ‘सेतो गुराँस’ या कंपनीच्या हँगरमध्ये होतो. पाच हेलिकॉप्टरं, सात पायलट, आणि खुम्बूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, सगळ्यात जास्त फेऱ्या यांच्याच. मी पायलटांसाठीच्या ऑक्सिजनच्या बाटल्या बघत होतो. पाचही बाटल्या नव्या कोऱ्या, सील शाबूत, काटा भरलेल्यावर. मी खुश होऊन कागदावर पाच बरोबरच्या खुणा केल्या.

इंद्रकला मागून आली. खुणांकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं.

“दाजू, या शेवटच्या भरल्या कधी?”

मी वही उलटली. “फागुनात.”

“आणि फागुनापासून आजपर्यंत तेरा हजार फुटांच्या वर किती वेळा उतरले हे लोक?”

ते माझं खातं नव्हतं. तिनं स्वतःच उड्डाणांच्या नोंदी काढल्या, टेबलाशी बसली, आणि तासाभरानं आकडा सांगितला. सहाशे चाळीस.

“सहाशे चाळीस वेळा वर गेले,” ती म्हणाली, “आणि बाटल्या काठोकाठ. मग ऑक्सिजन प्यायलं कोण? देव?”

नियम साधा आहे. तेरा हजार फुटांच्या वर पायलटनं नळी नाकाला लावायचीच. काठमांडूत झोपून उठलेला माणूस तासाभरात सतरा-अठरा हजार फुटांवर जातो. पायी चढणाऱ्यासारखी त्याच्या शरीराला सवय झालेली नसते. हे सगळ्यांना पाठ असतं. पाळतात किती, ते विचारायची पद्धत नव्हती.

“लिही की एक ओळ,” मी म्हणालो. “नोंदी नीट ठेवाव्यात म्हणून. ते होकार देतील, आपण घरी जाऊ.”

“नोंदी नीटच आहेत, दाजू. नोंदी खरं बोलतायत म्हणून तर सापडलं.”

तेवढ्यात कॅप्टन तेजेंद्र बस्नेत आले. कंपनीचे मुख्य पायलट. चोपन्न वर्षांचे, बारा हजार तास उडवलेले, आणि खुम्बूत असं एक गाव नाही जिथं त्यांच्यासाठी चहा टाकत नाहीत. हिमकड्यावरून, दरडीवरून, बर्फातून त्यांनी किती माणसं काढली त्याची मोजदाद त्यांनीही ठेवलेली नाही. त्यातला एक इंद्रकलाचा धाकटा भाऊ होता. दिलकुमार एका मोहिमेत स्वयंपाकी होता. चार वर्षांपूर्वी वरच्या छावणीत फुप्फुसात पाणी भरून तो निपचित पडला. दोन कंपन्यांनी वाऱ्याचं कारण सांगून नकार दिला आणि तेजेंद्र गेले. तेव्हापासून इंद्रकलाची आई दर दसैंला, म्हणजे दसऱ्याला, त्यांच्या घरी सुकुटी म्हणजे वाळवलेलं मांस आणि अकबरे मिरचीचं लोणचं पाठवत आलेली. नेऊन द्यायची कोण? इंद्रकलाच.

“काय बहिनी, काय सापडलं?” त्यांनी विचारलं.

“कॅप्टन दाइ, तुम्ही वर नळी लावता का?” त्यांनाही ती थोरल्या भावासारखं ‘दाइ’ म्हणायची.

त्यांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. “नाही.”

“का?”

“अगं, नाकात नळी घातली की मागं बसलेल्यांना वाटतं पायलटच आजारी. आणि मला गरज नाही. तीस वर्षं जातोय. माझी फुप्फुसं याकची आहेत.” ते हसले. “तुला लागत असेल. भोजपुरात डोंगर कुठं, नुसत्या टेकड्या.”

“आणि तुमचे बाकीचे सहा पायलट? तेही याक?”

“ते मला बघून शिकतात.”

“तेच म्हणते मी,” इंद्रकला म्हणाली आणि लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांपुढे, घिमिरे सरांपुढे, तिनं कागद ठेवला. कंपनीची तेरा हजार फुटांच्या वरची परवानगी स्थगित करावी, असं त्यात लिहिलं होतं. घिमिरे सर सावध माणूस. त्यांनी तो दोनदा वाचला.

“इंद्रकला, तू म्हणतेस ते खरं असेल. पण कंपनीला आधी विचारावं लागेल. आणि त्यांनी उत्तर दिलं तर ते खोटं आहे हे तुला दाखवावं लागेल.”

“दाखवते.”

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कंपनीचे संचालक मदनराज पौड्याल यांच्या सहीचं. बाटल्या नियमित वापरल्या जातात, पण काठमांडूला नव्हे तर खुम्बूच्या तोंडाशी असलेल्या लुक्लाला भरल्या जातात. म्हणून इथल्या वहीत नोंद नाही. सोबत लुक्लाच्या डिकी शेर्पा नावाच्या दुकानदार बाईंचं पत्र, शिक्क्यासकट.

मी म्हणालो, “झालं. उत्तर तर चोख आहे.”

“चोख आहे,” ती म्हणाली. “चला, बघून येऊ.”

त्याच संध्याकाळी भोजपूरहून तिच्या आईचा फोन आला. आम्ही कार्यालयाच्या गाडीत होतो, आवाज माझ्यापर्यंत येत होता. बातमी डोंगरात आमच्यापेक्षा लवकर पोचते.

“तू त्या बस्नेतबाबूच्या पोटावर पाय देणार म्हणे?”

“आमा, मी बाटल्या तपासतेय.”

“तुझा भाऊ जिवंत आहे तो कोणामुळं?”

“त्यांच्यामुळं.”

“मग?”

इंद्रकलानं खिडकीची काच वर केली. “मग काय आमा. परत कोणाला आणायला गेले तर त्यांनीही परत यावं, एवढंच.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. घर आलं तेव्हा ती उतरता उतरता म्हणाली, “दाजू, उद्या सकाळी सहाला. बॅटरी नवी आहे ना त्या हेलिकॉप्टरची, तेवढं बघून ठेवा.”

बॅटरीचं का विचारतेय, ते मला तेव्हा कळलं नाही.

सकाळी तेजेंद्रच आम्हाला घेऊन निघाले. ते उजव्या सीटवर, इंद्रकला डावीकडे. दोन्हीकडं नियंत्रणं होती. मी मागे. लुक्लाला उतरून आम्ही तिघंही डिकी शेर्पांच्या दुकानात गेलो. दोर, बूट, नूडल, चुरपीचं कडक चीज आणि एका कोपऱ्यात गिर्यारोहकांचे नारिंगी सिलिंडर. डिकीबाई चुलीपाशी बसून बटाटे सोलत होत्या. इंद्रकलानं पत्र पुढं केलं.

“दिदी, ही सही तुमची?”

बाईंनी चष्मा लावला. “सही माझी. ते पोरगं आलं होतं कंपनीचं, म्हणालं कर. मला वाटलं भाड्याच्या पावतीची असेल. मला इंग्रजी कुठं येतं?”

“यात लिहिलंय की तुम्ही यांच्या ऑक्सिजनच्या बाटल्या भरता.”

बाई इतक्या हसल्या की बटाटा हातातून निसटला. “मी? कशानं भरू? फुंकून? माझ्याकडं भरायचं यंत्रच नाही! हे सिलिंडरसुद्धा काठमांडूहून भरून येतात. माझ्याकडं भरतात ती पोटं.”

तेजेंद्रनी पत्र ओढून घेतलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल झाला.

“मला यातलं काही ठाऊक नाही,” ते म्हणाले. “पौड्यालनं केलं हे? मी नळी लावत नाही, ते मी तुझ्या तोंडावर सांगितलं. खोटं कशाला बोलायचं? लाज वाटायसारखं मी काय केलंय?”

“तुम्ही खोटं बोलत नाही, दाइ. म्हणूनच एक विचारते.” इंद्रकलानं पिशवीतून दोन कागद काढले. “हा हिशेब इथं करा. मग आपण गोरखशेपला जाऊ. मी उडवते, मी नळी लावते. तुम्ही नियंत्रणाला हात लावायचा नाही आणि नळीही लावायची नाही. वर चाळीस मिनिटं बसू. तिथं दुसरा कागद सोडवा. दोन्ही बरोबर आले, तर मी माझ्या अहवालात लिहीन की कॅप्टन बस्नेतांना फरक पडत नाही. ऑक्सिजन न वापरल्याची ओळ तरीही राहीलच, पण हे लिहीन.”

“परीक्षा?”

“हो.”

“बारा हजार तासांनंतर?”

“घाबरलात?”

तेजेंद्रनी खिशातून पेन काढलं.

हिशेब रोजचाच होता. तक्त्यात उंचीची ओळ शोधायची, तापमानाचा रकाना शोधायचा. दोन्ही मिळतात तिथं हेलिकॉप्टरला किती वजन पेलतं ते लिहिलेलं असतं. त्यातून हेलिकॉप्टर, पायलट आणि इंधन वजा करायचं. उरेल तेवढीच माणसं घ्यायची. डिकीबाईंच्या टेबलावर, चहाच्या पेल्याशेजारी, तेजेंद्रनी तो चार मिनिटांत सोडवला. अगदी बरोबर. अक्षर छापल्यासारखं.

साडेआठला आम्ही एव्हरेस्टच्या पायथ्याजवळच्या गोरखशेपला उतरलो. सतरा हजार फूट. आभाळ काचेसारखं, वारा नाही. इंद्रकलानं इंजिन बंद केलं आणि मला बॅटरीचा उलगडा झाला. त्या उंचीवर इंजिन बंद करायला कोणी सहसा धजत नाही. पुन्हा सुरू झालं नाही तर तिथंच बसून राहायचं.

“दाजू, तुम्हाला नळी हवी का? जास्तीची आहे.”

“मला काय उडवायचंय? नको.”

तेजेंद्रनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास मानंधर! आपण दोघं मर्द.”

पहिली दहा मिनिटं मला फक्त डोकं जड वाटलं. मग ते वाटेनासं झालं आणि मजा यायला लागली. तेजेंद्र जुन्या गोष्टी सांगत होते. नाम्चेच्या लग्नात नवरदेवाला हेलिकॉप्टरनं आणलं आणि तो उतरताक्षणी ओकला, ती गोष्ट त्यांनी सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. थोड्या वेळानं त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. आम्ही पुन्हा तेवढेच हसलो. इंद्रकला नाकात नळी घालून शांत बसली होती. मला तिची कीव आली. बिचारीला मजा करता येत नाही, असं वाटलं.

चाळीस मिनिटं झाल्यावर तिनं दुसरा कागद दिला. तेजेंद्र गुणगुणत सोडवत होते. झालं म्हणाले आणि कागद हवेत हलवला.

“तीन मिनिटं! लुक्लापेक्षा लवकर. बघ रे मानंधर.”

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ओळ, रकाना, वजाबाकी. एकदम बरोबर. “पैकीच्या पैकी,” मी म्हणालो.

इंद्रकलानं कागद घेतला, घड्याळ बघून कोपऱ्यात काहीतरी टिपलं, उत्तर न बघता घडी करून खिशात ठेवला, आणि इंजिन सुरू केलं. पहिल्याच दणक्यात लागलं.

लुक्लाला आल्यावर डिकीबाईंनी रिल्डुक, म्हणजे बटाट्याचं घट्ट सूप, पुढं ठेवलं. खाऊन झालं, डोकं ठणकायला लागलं, आणि मग इंद्रकलानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

तेजेंद्रनी आधी सहज बघितलं. मग कागद जवळ ओढला. मीही वाकलो. उंची सतरा हजार, पण त्यांनी ओळ पंधरा हजारांची घेतली होती. वजाबाकीत पायलटचं वजन नव्हतंच. इंधन मात्र दोनदा लिहून एकदा खोडलं होतं. खाली उत्तर ठसठशीत: चार प्रवासी. खरं उत्तर होतं दोन. आणि कोपऱ्यात तिनं वेळ टिपली होती. तीन नव्हे, अकरा मिनिटं.

“हे मी लिहिलंय?”

“तुम्हीच, दाइ.”

“आणि या मानंधरनं तपासलं?”

“मी पैकीच्या पैकी दिले,” मी म्हणालो. एकवीस वर्षांच्या नोकरीत इतकं शरमिंदं मला कधी वाटलं नव्हतं.

ते उठून दाराशी गेले. धावपट्टीकडं तोंड करून उभे राहिले. मग परत येऊन बसले आणि सांगायला लागले.

“चैतात लोबुचेवरून चौघांना उचललं. उचललं आणि हेलिकॉप्टर खाली दबलं. पंख्याचा वेग पडत गेला. उताराच्या दिशेनं नाक खाली घातलं म्हणून वाचलो. प्रार्थनेच्या पताका तुटून स्किडला, खालच्या दांड्यांना, गुंडाळल्या होत्या.” त्यांनी कपाळ चोळलं. “खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, वाऱ्यानं दाबलं. आणि मला तसंच वाटत होतं, बहिनी. शपथ घेऊन सांगितलं असतं. आता आठवतो तो दिवस. उचलण्याआधी पताका सरळ खाली लोंबत होत्या. वारा नव्हताच.”

डिकीबाईंनी गुपचूप त्यांच्या पेल्यात चहा ओतला.

“ठीक आहे,” शेवटी ते म्हणाले. “आजपासून नळी. माझी आणि साऱ्यांची. मी बघतो. आता तो स्थगितीचा कागद फाडून टाक.”

“नाही फाडणार.”

“अगं, मला पटलं ना!”

“तुम्हाला पटलं. बाकी सहा जणांना तीस वर्षं नाही तरी तीन-चार वर्षं तुम्ही उलटं शिकवलंय. आणि हे पत्र खोटं आहे. तुमच्या कबुलीनं ते खरं होत नाही.” ती सावकाश बोलत होती, पण एकेक शब्द रोवून. “दुसऱ्या पायलटांची परीक्षा घ्यायचा तुमचा अधिकारही मी काढून घ्यायला सांगणार आहे. तुमची पुन्हा तपासणी होईपर्यंत.”

“माझा?” तेजेंद्र तिच्याकडं बघतच राहिले. “इंद्रकला, मी तुझ्या भावाला...”

वाक्य त्यांनीच अर्धवट सोडलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत की नजर वळवली नाही.

“रोज आठवतं मला, दाइ,” ती म्हणाली.

आम्ही काठमांडूला परतलो.

घिमिरे सरांनी दोन्ही कागद, डिकीबाईंचा लेखी जबाब आणि उड्डाणांच्या नोंदी पाहिल्या, आणि त्याच दुपारी स्थगितीवर सही केली. सहीनंतर चष्मा काढून म्हणाले, “आता फोन येतील. माझ्याकडं येणारे मी बघतो. तुझ्याकडं येणारे तू बघ.”

आले. हॉटेलवाल्यांचे, ट्रेकिंगवाल्यांचे, कोणाच्या तरी मेव्हण्याचे. ती प्रत्येकाला एकच सांगायची. इतर कंपन्या उडतायत, यांची हेलिकॉप्टरंही तेरा हजारांखाली उडतायत, आणि पायलट तयार झाले की वरची परवानगी त्याच दिवशी परत मिळेल. पण खरा फोन आला सहाव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास. पौड्यालांचा. तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मला साक्षीला बसवायचं होतं.

“मॅडम, डिंगबोचेला एक बाई बेशुद्ध आहे. उंचीमुळं मेंदूला सूज. माझं हेलिकॉप्टर लुक्लात उभं आहे, वीस मिनिटांवर. तुमचा कागद आडवा आलाय. ती गेली तर कोणाच्या नावावर लिहायचं?”

इंद्रकलानं भिंतीवरच्या नकाशावर गाव शोधलं. डिंगबोचे चौदा हजार चारशे फूट.

“पायलट कोण आहे लुक्लात?”

“सापकोटा.”

“त्याचं प्रशिक्षण झालं?”

“अहो, काय प्रशिक्षण घेऊन बसलात! माणूस मरतोय!”

“झालं की नाही?”

“...उद्या आहे.”

“मग तो जाणार नाही. रुग्णाचं नाव आणि लॉजचा नंबर द्या. पुढचं मी करते.”

तिनं एकापाठोपाठ एक फोन लावले. पहिल्या कंपनीचं हेलिकॉप्टर दुरुस्तीत. दुसरीचं पार पश्चिमेला, मनांगला. तिसरीचं लुक्लाखालच्या सुर्केमध्ये सामान उतरवत होतं. त्यांच्या पायलटला तिनं स्वतः गाठलं, सामान तिथंच टाकायला लावलं, नळी आहे का विचारलं, काटा किती दाखवतो तेही विचारलं. मधल्या वेळात लॉजवाल्याला सांगून त्या बाईला डोकोत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, बसवून चौघांच्या पाठीवर आलटून पालटून खाली पांगबोचेकडं निघायला लावलं. जेवढं खाली तेवढा श्वास सोपा. हेलिकॉप्टरनं त्यांना वाटेत एका बटाट्याच्या शेतात गाठलं. वीस मिनिटांऐवजी एक तास दहा मिनिटं लागली.

तो तासभर मी तिच्यासमोर बसून होतो. फोन नसेल तेव्हा ती भिंतीवरच्या नकाशाकडं बघत उभी राहायची.

“चुकलं का आपलं?” एकदा मी विचारलं.

“ते मला संध्याकाळी विचारा. आता पांगबोचेचा नंबर लावा.”

बाई वाचल्या. आठवडाभर काठमांडूच्या इस्पितळात होत्या, पण स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. तासाभराच्या उशिरानं त्यांना काही झालं असतं तर इंद्रकलानं काय केलं असतं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळीसुद्धा नाही. त्या दिवशी घरी जाताना ती गाडीत डोळे मिटून बसली होती आणि झोपलेली नव्हती.

तेराव्या दिवशी सहाही पायलट तयार झाले. प्रत्येकाला तिनं वर नेलं, प्रत्येकानं गोरखशेपला कागद सोडवला, नळीशिवाय आणि मग नळी लावून. सापकोटाला नळीशिवाय स्वतःचा फोन नंबर लिहिता आला नाही. ते सगळे कागद तिनं एका मोठ्या पाकिटात घालून जपून ठेवलेत.

शेवटी तेजेंद्रची तपासणी होती. मी मागच्या सीटवर होतो. तेरा हजारांवर त्यांनी नळी लावली, मोठ्यानं “ऑक्सिजन चालू, काटा भरलेला” असं म्हणाले, आणि उतरण्याआधी तक्ता मांडीवर घेऊन वजन मोजलं. सगळं नियमानुसार. फक्त गोरखशेपवरून उठण्याआधी हवेत अधांतरी थांबून इंजिनाची ताकद तपासायची असते, ती त्यांनी जुन्या सवयीनं उरकती घेतली.

“पुन्हा,” इंद्रकला म्हणाली.

“बहिनी, ताकद भरपूर आहे.”

“असेल. पुन्हा खाली ठेवा. पुन्हा उचला. पाच सेकंद थांबा.”

त्यांनी जबडा आवळला, पण खाली ठेवलं. पुन्हा उचललं. ती मोठ्यानं मोजत होती. पाच झाल्यावर म्हणाली, “आता चला.”

काठमांडूला उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, फॉर्म मागितला, जिथं जिथं सही हवी तिथं केली आणि निघून गेले. इंद्रकलानं त्यावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि परीक्षेचा अधिकार परत देण्याची शिफारस केली. त्यांनी मागं वळून विचारलंही नाही.

पौड्यालांना खोट्या पत्रापायी कंपनीच्या मालकांनी घरी बसवलं. तेजेंद्र मात्र तिच्याशी पुढं कितीतरी महिने कामापुरतंच बोलत. भेटले की ‘कॅप्टन राई’ म्हणायचे. ‘बहिनी’ बंद झालं. तिला ते लागायचं, मला दिसायचं. पण त्यांच्या नव्या पायलटांपैकी एकानं मला सांगितलं की आता वर जाताना कोणी नळी लावली नाही तर बस्नेत सर रेडिओवरून सगळ्यांसमोर सोलून काढतात.

मंसिर म्हणजे मार्गशीर्ष लागल्यावर इंद्रकलानं उरलेल्या आठ कंपन्यांची यादी काढली आणि घिमिरे सरांकडून एक परिपत्रक काढून घेतलं: बाटल्या भरल्याच्या पावत्या आणि उंचावरच्या फेऱ्या एकाच पानावर, दर महिन्याला. पहिल्याच महिन्यात दोन कंपन्यांचे आकडे जुळले नाहीत. मी ते कागद तिच्या टेबलावर ठेवले तेव्हा ती डबा खात होती. एका हातानं तिनं पानं उलटली.

“यातली मोठी कुठली?” तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं. त्या कंपनीचे मालक मोठे वजनदार होते, हेही सांगितलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि गाडी मागवली.